रक्तदाब आणि पोटाचा घेर

(शहापूर तालुक्यातील उंबरमाळी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पोटाचा घेर, ढेरी, लठ्ठपणा हे शब्द मुंबई-ठाण्याकडे शोभतात. खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या या डोंगराळ पट्ट्यात, ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर, त्यांचे काय काम, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. शहापूर व मुरबाड या तालुक्यांविषयी, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेलेल्या जव्हार-मोखाड्याविषयी, शासकीय कागदपत्रांत आरोग्याचा विषय निघाला की गेली कित्येक वर्षे एक शब्द सर्वांत आधी येतो, तो म्हणजे कुपोषण. बाळाचे वजन करा, उंची घ्या, दंडाचा घेर मोजा. अंगणवाडीतील दंडाची फीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते बालक तीव्र कुपोषित समजावे, हे येथील ताईंना मुखोद्गत आहे. आपली सारी मोजमापे शरीरात काय उणे आहे ते शोधण्यासाठी बसविलेली आहेत, आणि ते योग्यही आहे.

परंतु या सवयीचा एक परिणाम असा झाला आहे की, प्रौढ माणूस अंगाने काटक दिसला म्हणजे त्याला रक्तदाबाचा विकार असणार नाही अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत खरी नाही. आदिवासी आरोग्याच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१८ मध्ये सादर झाला. देशातील आदिवासी प्रौढांपैकी सुमारे दर चौघांमागे एकाला उच्च रक्तदाब आहे, आणि ज्यांना तो आहे त्यांतील फारच थोड्यांना त्याची कल्पना आहे, असे त्या अहवालात नमूद केले आहे. कुपोषणाचा प्रश्न संपल्यावर हा प्रश्न आला असे नव्हे. दोन्ही एकाच पाड्यावर, पुष्कळदा एकाच झोपडीत नांदत आहेत.

याचे पर्यवसान कशात होते, तेही आपल्याच राज्यातील उदाहरणाने सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने मृत्यूंच्या कारणांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते, आणि तेथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच ठरले. ज्याला आपण अंगावरून वारे गेले असे म्हणतो, तोच हा पक्षाघात. आणि त्यामागील सर्वांत मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे न मोजलेला, न औषधिलेला रक्तदाब. घरचा कर्ता माणूस एका सकाळी उठतो तो उजवा हात गमावूनच, आणि मग घरचे लोक म्हणतात, कालपर्यंत धडधाकट होता. तो धडधाकट नव्हता; त्याच्या आत दहा वर्षे पडझड चालू होती आणि ती पाहण्याची तजवीज कोणी केली नव्हती.

ही पडझड मुख्यत्वे चार-पाच ठिकाणी होते. हृदयाचा डावा कप्पा वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून जाड होतो. दंड बैठका काढून हात पिळदार होतो तसाच हा प्रकार, पण येथे ते लक्षण बळाचे नसून संकटाचे असते. जाड झालेला स्नायू ताठर बनतो, त्याला स्वतःलाच रक्त अपुरे पडू लागते, आणि पुढे तो थकतो. मूत्रपिंडातील गाळणी इतकी नाजूक असते की दाब वाढला की तिच्यातून रक्तातील प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, लघवीवाटे झिरपू लागते. डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात व क्वचित फुटतात. मानेतील मोठ्या रोहिणीचे अस्तर जाड होते. मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांची गतही तशीच. यांपैकी कशानेही प्रारंभी दुखत नाही. गावात दुखण्यावरूनच दवाखान्याची वाट धरली जाते, त्यामुळे न दुखणारा रोग दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकसारखाच रक्तदाब असलेल्या दोन माणसांत एकाचे हृदय व मूत्रपिंड लवकर बिघडते आणि दुसऱ्याचे उशिरा, असे का व्हावे? वय, तंबाखू, मधुमेह, आनुवंशिकता ही कारणे आहेतच. परंतु शरीराचा आकारही, म्हणजे चरबी अंगावर कोठे साठली आहे ही गोष्टही, त्यात मोठा वाटा उचलते. ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील मार्सेय येथील झाँ व्हाग या वैद्याने १९४७ मध्येच लिहून ठेवले होते की, मांड्या व नितंबांवरील चरबीपेक्षा पोटावरील चरबी अधिक घातक असते आणि मधुमेह व हृदयरोग यांच्याशी तिचे नाते आहे. तथापि मोजण्यास सोपे म्हणून वैद्यकाने वजन व उंची यांचीच कास धरली. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा मिळतो, तो शरीरवस्तुमान निर्देशांक. हे गणित बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. माणसांच्या समूहाचे सरासरी स्वरूप जाणून घेणे हा त्याचा हेतू होता, रोग्याची परीक्षा करणे हा नव्हता.

या निर्देशांकाची मर्यादा ज्या उदाहरणाने जगाला पटली ते उदाहरण मराठी मुलखातील आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे व मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के! वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊ. आतून मात्र दोन वेगळ्या प्रकृती. विद्वानांनी आपलेच पोट जगापुढे मांडून सिद्धांत समजावून द्यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा फरक जन्मापासूनचा असतो, हेही डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखविले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांची पाहणी त्यांनी १९९३ मध्ये सुरू केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी व पोटातील अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालील चरबी, विशेषतः पाठीवरची, त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. वरून कृश, आतून मेदयुक्त. लहान जन्मलेल्या बालकाच्या मूत्रपिंडात गाळण्यांची संख्याही कमी असते, आणि मोठेपणी रक्तदाब वाढण्यास ते एक कारण ठरते. आज अंगणवाडीत ज्या बाळाचे वजन आपण काळजीने लिहितो, त्याच बाळाचा रक्तदाब चाळीस वर्षांनी आपल्या पुढील पिढीतील ग्रामसेवकाला काळजीने लिहावा लागणार आहे. कुपोषण आणि रक्तदाब ही दोन खाती कार्यालयात वेगळी असतील. शरीरात ती वेगळी नाहीत.

आपण कल्पनेतील दोन माणसे घेऊ. दोघांची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. निर्देशांक दोघांचा सुमारे २२.४. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन अधिक समजतात, म्हणून कागदोपत्री दोघेही उत्तम. पैकी एक वीटभट्टीवर राबणारा, त्याच्या पोटाचा घेर ७६ सेंटिमीटर. दुसरा बाजारपेठेत दुकान चालविणारा, हातपाय काडीसारखे, पण घेर ९२. दोघांचा रक्तदाब १५० वर ९६ असेल, तर औषध दोघांनाही लागेल यात वाद नाही. पण ज्याच्या हृदयाची व लघवीची तपासणी एक दिवसही लांबणीवर टाकू नये, तो दुकानदार आहे. आणि नुसते वजन करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

अमेरिकेतील क्राकाउअर पितापुत्रांनी २०१२ मध्ये याच विचारावर ‘शरीराकार निर्देशांक’ मांडला. वजन व उंची यांवरून माणसाचा जेवढा घेर अपेक्षित आहे त्यापेक्षा प्रत्यक्ष घेर किती अधिक आहे, हे त्या सूत्राने कळते. आपल्या भट्टीवाल्याचा आकडा ०.०७४ येतो आणि दुकानदाराचा ०.०९०. तेथील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मापे घेतलेल्या सुमारे १४ हजार प्रौढांच्या माहितीवरून असे आढळले की, हा आकडा चढत जातो तसतसा मृत्यूचा धोका वाढत जातो, मग वजन काहीही असो. रक्तदाबाच्या रुग्णांत हृदयाची जाडी, रोहिणीचा ताठरपणा व लघवीतील अल्ब्युमिन यांच्याशी या व अशा मापांचा संबंध तपासण्याचे काम जगभर चालू आहे. सूत्रातील घातांकांच्या भानगडीत मी आपणांस पाडणार नाही. शिक्षक मंडळींपैकी गणिताची आवड असणाऱ्यांनी घेराच्या मीटरला निर्देशांकाच्या दोन तृतीयांश घाताने आणि उंचीच्या वर्गमुळाने भागून पाहावे. पाड्यावर मात्र साध्या फितीने भागते.

पोटातील चरबी इतकी उपद्रवी का? त्वचेखालची चरबी ही कणगीतल्या धान्यासारखी, पडून असते. आतड्यांभोवतीची चरबी मात्र जागी असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, यकृत व स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, साखर वाढते. हीच चरबी रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य घडविण्यास लागणारा कच्चा माल पुरविते. मूत्रपिंडांभोवती ती दाटली की त्यांवर दाब येतो आणि ती मीठ धरून ठेवू लागतात. मीठ थांबले की पाणी थांबते, पाणी थांबले की दाब चढतो. अशा रीतीने एकच मेद रक्तदाब वाढवितो आणि त्या रक्तदाबाचा मारा सोसणारे अवयवही दुबळे करून ठेवतो. त्यात आपल्याकडची सुकट, खारवलेले बोंबील, लोणचे, आणि भाकरीबरोबर ठेच्यात पडणारी मिठाची मूठ यांची भर पडते. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आता फितीविषयी. ३० वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीची माहिती भरण्यासाठी आशाताईंना जो छापील तक्ता दिलेला आहे, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहेच. स्त्रीचे माप ८० सेंटिमीटरपर्यंत असल्यास गुण शून्य, ८१ ते ९० असल्यास एक, त्यापुढे दोन. पुरुषाचे ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० एक, त्यापुढे दोन. रकाना आहे, फीतही आहे; उरतो तो प्रश्न माप खरोखर घेतले जाण्याचा. माणूस बारीक दिसतो म्हणून नजरेनेच ‘८० च्या आत’ असे लिहिले, तर ज्याच्यासाठी हा रकाना छापला तोच नेमका त्यातून निसटतो. पुरुषाचे माप विजारीच्या आकड्यावरून घेऊ नये. विजार पोटाच्या खाली बांधलेली असते आणि पोट तिच्यावर बसलेले असते. (गावातील शिंप्याला ही गोष्ट डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठाऊक असते.) शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून दोहोंच्या मधोमध फीत धरावी. कपडा बाजूला किंवा अगदी पातळ असावा. लुगड्याच्या निऱ्या व कासोटा यांवरून घेतलेले माप निरुपयोगी होय; म्हणून स्त्रियांचे माप स्त्रीनेच, आडोशाला घ्यावे. फीत सर्व बाजूंनी एका पातळीत असावी, आवळू नये, आणि माणसाने सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढणाऱ्याला दोन शब्द बोलण्यात गुंतवावे, म्हणजे पोट आपोआप जागेवर येते. गरोदर स्त्रीचे हे माप घेण्यात अर्थ नाही.

फीत हाताशी नसेल तर सुतळी चालते. माणसाच्या उंचीइतकी सुतळी कापावी, दुमडून निम्मी करावी आणि पोटाभोवती गुंडाळावी. टोके मिळाली तर ठीक. न मिळाली तर घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे. इंग्लंडच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०२२ पासून हाच ‘निम्म्या उंचीचा’ नियम जनतेसाठी सांगितला आहे. शाळेत अपूर्णांक शिकविताना मुलांना घरी आईवडिलांचे असे माप घ्यावयास सांगितले, तर गणिताचा तास फुकट जाणार नाही.

रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याबाबतही शरीराचा आकार आड येतो, हे येथे सांगणे अवश्य आहे. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर दाब खऱ्याहून कमी दिसतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर अधिक. आपल्या भागात पहिला प्रकार अधिक संभवतो. शहापूर तालुका व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळू लागला, आणि त्याच्या विनियोगात ग्रामसभेचा शब्द चालतो. दोन वेगळ्या आकारांचे पट्टे असलेले एक यंत्र आणि चार फिती, एवढी खरेदी कोणत्याही ग्रामसभेच्या आवाक्यातील आहे.

ज्यांचा रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे आहे आणि घेरही मर्यादेबाहेर आहे, अशांची एक वेगळी यादी उपकेंद्रात असावी. त्यांना गोळ्या देऊन परत पाठविणे पुरेसे नाही. त्यांच्या लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील साखर व क्रिएटिनिन, हृदयाचा विद्युत आलेख आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. लघवीत पट्टी बुडवून केलेली नेहमीची चाचणी अल्ब्युमिन बरेच वाहू लागल्यावरच रंग बदलते. आरंभीची गळती अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढल्यानेच कळते, आणि ते दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर मूत्रपिंड तक्रार करू लागले आहे असे समजावे. या टप्प्यावर योग्य औषधाने गळती आटोक्यात ठेवता येते. पुढे रक्तशुद्धीकरणाच्या यंत्राला आठवड्यातून दोन-तीनदा जोडून घेण्याची पाळी आली, म्हणजे पाड्यावरच्या माणसाचा रोजगार, कुटुंब व आयुष्य सारेच त्या यंत्राशी बांधले जाते.

आणि याउलट एक इशारा. घेर कमी आहे म्हणून रक्तदाब निरुपद्रवी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. आपला भट्टीवाला सुतळीच्या परीक्षेत उतरला. तरी १५० चा दाब त्याच्याही मेंदूवर रोज आदळतच आहे. शिवाय मिश्री व तंबाखू त्याच्या वाहिन्या वेगळ्या वाटेने कोरत असतात. फीत ही कोणाला आधी व कसून तपासावे हे सांगते. कोणाला सोडून द्यावे हे सांगत नाही.

भट्टीचा उल्लेख आलाच आहे, म्हणून या भागाची खरी अडचण सांगतो. दिवाळीनंतर येथील कितीतरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गोळ्या मात्र महिन्याच्या हिशेबाने मिळतात. राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि चुकलेल्या रुग्णाचा पाठपुरावा या साध्या गोष्टींवर तो उभा आहे. पण रुग्णच सहा महिने गावाबाहेर असेल तर पाठपुरावा कोणाचा करावयाचा? माझ्या मते याचे उत्तर दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात आहे. कोण कोठे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर जाणार, हे त्या वेळी गावात ठरलेले असते आणि पंचायत सदस्यांना ते डॉक्टरांपेक्षा अधिक चांगले माहीत असते. त्या पंधरवड्यात त्यांचा रक्तदाब व घेर मोजावा, लघवी तपासावी, आणि रक्तदाब, घेर व गोळीचे नाव लिहिलेले कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हाती द्यावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना शक्य असेल तितक्या अधिक दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, आणि भट्टीजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते हे कार्डाच्या पाठीवर लिहावे. कार्ड दाखविल्यास कोणत्याही सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मागता येतात, हे त्यांना जाण्यापूर्वी तोंडी सांगावे. कार्डावरचे सर्वांना वाचता येईलच असे नाही.

परतल्यावर, पहिल्या पावसाआधी, तीच फीत पुन्हा लावावी. भट्टीच्या श्रमाने घेर दोन-चार सेंटिमीटरने उतरलेला आढळेल, रक्तदाबही खाली आलेला असेल, आणि तो माणूस म्हणेल, आता गोळी कशाला? त्याला सांगावे की घेर उतरला ही चांगलीच गोष्ट झाली. पण दाब गोळीने खाली आला आहे की श्रमाने, हे त्याला ठरविता येणार नाही. गोळी कमी करावयाची की नाही, ते वैद्यकीय अधिकारी दोन-तीन वेळा दाब मोजून ठरवतील. तोपर्यंत ती चालू ठेवावी.